छताला चार बोटं कमी

अकुआबाता लागोसला आली ती लेकीचं बाळंतपण करायला. तीन महिने राहायचं, लेकीचं अंग शेकायचं, मिरी घातलेलं झणझणीत सूप पाजायचं, बाळाला तेल लावायचं आणि नायजर नदीचा पूल ओलांडून आपल्या गावी परत जायचं, असा साधा हिशेब होता. तीन महिन्यांची सात वर्षं कशी झाली हे तिला विचारलंत तर ती गॅलरीतल्या निळ्या पिंपाकडे बोट दाखवते.

पिंपात तेलमाड, म्हणजे पामतेलाचं झाड आहे, आणि त्याच्या मुळाशी नातीची नाळ आहे.

काम्सीची नाळ गळून पडली तेव्हा अकुआबाताने ती केळीच्या वाळक्या पानात बांधून जावयापुढे ठेवली. रीत उघड होती. नाळ बापाच्या अंगणात पुरायची, वर तेलमाड लावायचा, आणि तो माड जन्मभर त्या पोराचा. पुढे कुणी "तुझी नाळ कुठंय?" असं हिणवून विचारलं तर बोट दाखवायला जागा हवी. पण त्या वर्षी रस्ता धड नव्हता. वाटेत लुटारू गाड्या अडवून माणसं पळवत होते. जावई अफाम म्हणाला, नाताळला सगळे जाऊ तेव्हा नेऊ.

नाळ काही कपाटात ठेवायची वस्तू नव्हे. मग ती घरमालकाकडे गेली. फाटकाजवळ वीतभर मोकळी माती होती, तेवढी मागितली. शोडिपो म्हातारा योरुबा, तिथल्याच मातीतला, तिच्याच वयाचा, भला माणूस. पण नाळेचं नाव काढताच तो खुर्चीत सरळ झाला. "बाई, पाणी मागा, मीठ मागा. माझ्या जमिनीत तुमची नाळ नको. उद्या तुमची नात येऊन म्हणेल, हे घर माझं." अकुआबाताला राग आला नाही. तिच्या गावात कुणी असं मागितलं असतं तर तीही हेच म्हणाली असती.

शेवटी अफामने दुकानातून निळं पिंप आणलं, अर्ध्यावर कापलं, तापल्या सळईने बुडाला भोकं पाडली. अकुआबाताने तळाशी फुटक्या कौलांचे तुकडे घातले, वर कोळशाचा चुरा, वर रस्त्याकडेच्या रोपवाल्याची काळी माती. पण नाळेला ती परकी माती लागू द्यायची नव्हती. अफामच्या मोठ्या भावाने बसच्या ड्रायव्हरबरोबर आपल्या अंगणातली ओंजळभर माती पाठवली होती. नाळ त्या मातीत गुंडाळली, वर बोटभर कोंबाचा माड लावला, आणि सिमेंटच्या ठोकळ्यांवर पिंप चढवलं. गॅलरीला चोरांच्या भीतीने वरपासून खालपर्यंत लोखंडी गज. माडही आत, म्हातारीही आत.

"नाताळपर्यंतच," अफाम म्हणाला होता.

नाताळ आला नि गेला. उजू, म्हणजे लेक, बँकेत लागली. ती अंधारात निघायची, अंधारात परतायची. अफाम गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात. दोघं जाताना बाहेरून कुलूप लावून जायचे, शहरच तसं होतं. तिसरा मजला, गुडघे कुरकुरणारे, खाली सगळी बोली परकी. अकुआबाता दिवसभर दोन रोपं सांभाळत बसायची, एक रांगतं आणि एक पिंपातलं. जाण्याचा विषय काढला की उजू म्हणायची, "आणि तुझा माड, न्ने? त्याला पाणी कोण घालणार? मी? मी तर कॅक्टस मारलाय." घरात सगळेच तिला न्ने म्हणतात, म्हणजे आई. लेक हसत म्हणायची, पण खरंच होतं ते. नाळेवरचा माड वाळला तर पोरीचं काय, हा विचार म्हातारीच्या मनात यायच्या आधीच ती उठून माती चाचपून यायची.

तेव्हा एके दिवशी तिने आपण होऊन अट घातली. जावयाला गॅलरीत बोलावलं, वर छताकडे हात केला. "ओगो, हे बघ. याचं पान त्या छताला टेकलं की याला पिंप पुरणार नाही, जमिनीत जावंच लागेल. टेकलं की त्याच डिसेंबरात तुझ्या गावी नेऊन लावायचं. आणि तिथूनच मी माझ्या घरी." व्याह्यांकडच्यांनी एकमेकांना ओगो म्हणायचं असतं. अफामने वर पाहिलं, हातभर रोपाकडे पाहिलं, आणि लगेच कबूल झाला. का नाही होणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिला वाटलं आपण सुटकेचा दिवस ठरवला. तिने तो फक्त एका झाडाच्या स्वाधीन केला होता.

पण झाड स्वाधीन होतं तिच्या, आणि ते वाढवायचं तिला ठाऊक होतं. कालवणासाठी पामची फळं आणली की रिकामा घड जाळून राख करायची आणि कडेकडेने मातीत मुरवायची. तांदूळ धुतलेलं पाणी द्यायचं, तेही बुंध्याला, गाभ्यात थेंब पडू द्यायचा नाही. ऊन फक्त रस्त्याच्या बाजूने यायचं म्हणून माड तिकडे कलायचा, मग फाटकावरच्या पहारेकऱ्याला, दानलादीला, हाक मारून पिंप थोडं फिरवून घ्यायचं. हर्मटानचा कोरडा वाळवंटी वारा धूळ घेऊन आला की ओल्या फडक्याने एकेक पात पुसायची. देठाच्या काट्यांनी हात ओरबाडले जायचे. पूर्ण वाळल्याशिवाय पान तोडायचं नाही. आणि मधल्या सुरळीला, जिच्यातून नवं पान उलगडतं, तिला कुणी हात लावायचा नाही. "फणसाला, आंब्याला फांद्या शंभर," ती काम्सीला सांगायची. "माडाला डोकं एकच. गाभ्याला लागलं की संपलं." काम्सी चालायला लागल्यापासून तिच्या मागे पाण्याचा डबा घेऊन असायची. पोरीला पाढे येण्याआधी माड येत होता.

गावाहून उदेन्क्वोचा फोन यायचा. दोघी एकाच वर्षी त्या गावात नांदायला आल्या होत्या. उदेन्क्वोची जीभ म्हणजे सुरी. "बाळंतपण करायला गेलीस की तिथंच दुसरा घरोबा केलास? गावच्या बायकांच्या ऑगस्टातल्या सभेत तुझ्या बाकावर आता न्गोझीची सून बसते, पाय पसरून." अकुआबाता हसायची आणि फोन ठेवून बराच वेळ गजांना धरून उभी राहायची. तिला तिचं घर हवं होतं. अळूचा वाफा, दारातल्या मातीतून उठणारा पावसाचा वास, आणि कुणालाही न विचारता फाटक उघडून बाहेर पडणं. विशेषतः ते फाटक. कधी कधी स्वप्नात ती नुसतं फाटक उघडायची नि लावायची.

सातव्या वर्षी पान छतापासून हातभर राहिलं. अफाम चेष्टेने म्हणायचा, "न्ने, याला राख कमी घाला, मला अजून तुमचं कालवण खायचंय." नवी सुरळी निघाली होती, जाडजूड, भाल्यासारखी. हीच टेकणार हे सगळ्यांना दिसत होतं. उदेन्क्वोला तिने सांगून टाकलं, या डिसेंबरला येते, बाक झाडून ठेव.

आणि सुरळीचं टोक गेलं.

पहिल्यांदा तिला भुंग्याचा संशय आला. तिने तार घालून गाभ्याच्या आजूबाजूला तपासलं. भोक नव्हतं, भुसा नव्हता. भुंगा खातो तेव्हा पान उलगडल्यावर त्रिकोणी खाचा दिसतात. इथं पान उलगडलं ते कुणी केस कापावेत तसं सरळ बोडकं. झाड आखूड राहिलं. पुढची सुरळी आली, तिचंही टोक गेलं. तिसरीच्या वेळी तुकडा पिंपामागे पडलेला सापडला. कडा स्वच्छ होती. दाताचं काम नव्हतं, पात्याचं होतं.

अकुआबाता तो तुकडा हातात धरून खाली बसली. नाळेचा माड कापणं म्हणजे माणूस कापणं. तिच्या गावात यासाठी घराण्यांमध्ये पाणी बंद झालेलं तिने पाहिलं होतं. आणि या घरात पातं कुणाकडे असतं? दर रविवारी चर्चला जाण्याआधी अफाम गॅलरीत उजेडाला उभा राहून, गजाला आरसा अडकवून, छोट्या कात्रीने दाढी कोरायचा. कात्री तिथंच खिळ्याला टांगलेली असायची. मी गेले तर तोटा कुणाचा, तिने स्वतःला विचारलं. शाळेतून आल्यावर पोरीला सांभाळायला बाई ठेवावी लागेल, स्वयंपाकाला बाई ठेवावी लागेल. सगळं जुळलं. संशय एकदा जुळायला लागला की काही कमी पडत नाही.

त्या रविवारी चर्चमधून आल्यावर ती जेवायला वाढायचं सोडून दारात उभी राहिली. तुकडा टेबलावर ठेवला.

"ओगो, मला डांबून ठेवायचं तर पायात साखळी घाल. पोरीच्या नाळेवर कात्री का चालवतोस?"

उजूच्या हातातला चमचा खाली पडला. अफामला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. तो मोठ्याने बोलणारा माणूस, बाजारात त्याचा आवाज तिसऱ्या दुकानापर्यंत जातो. पण आता हळूच म्हणाला, "न्ने, तुम्ही काय म्हणताय ते तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय. कापलं नसशील तर भूमीची शपथ घे."

आत्ताच देवापुढे गुडघे टेकून आलोय, असं उजू मध्येच म्हणाली. तिचं कुणी ऐकलं नाही. भूमीची शपथ घ्यायची तर हात मातीला लागायला हवा, आणि तिसऱ्या मजल्यावर माती एकाच ठिकाणी होती. अफाम उठला, गॅलरीत गेला, चांगल्या कपड्यांची बाही सरकवली आणि पिंपात मनगटापर्यंत हात घातला. त्याच्याच बापजाद्यांच्या अंगणातली ओंजळ त्या मातीत होती, हे त्यालाही ठाऊक होतं.

"हा माड मी कापला असेल, तर ही भूमी मला गिळो. ज्यानं कापला असेल त्याला शोधो." मग हात झटकून तो तिच्याकडे वळला. "आणि खरं ऐकायचंय? पान टेकू नये असं मला वाटलंय. रोज वाटलंय. पण कात्री? स्वतःच्या पोरीवर?"

तो जेवला नाही. त्या दिवसापासून तिच्या हातचं काहीच खाईना. बाजारातून खाऊन यायचा, "नमस्कार न्ने" म्हणायचा आणि आत जायचा. उजू आईशी कामापुरतं बोलायची. दार बाहेरून पूर्वीसारखंच कुलूपबंद व्हायचं, पण आता अकुआबाताला घर आणखी अरुंद वाटायला लागलं. जावयाने शपथ घेतली, ती खोटी असेल तर पोरीचा बाप मरणार. खरी असेल तर आपण चोर सोडून संन्याशाला सुळी दिली. दोन्हीकडे भिंतच.

शनिवारी ती काम्सीचे केस बांधायला बसली. पोर दोन गुडघ्यांच्या मध्ये, म्हातारीच्या तोंडात काळा दोरा. आठवडाभर काम्सी नीट जेवत नव्हती, गॅलरीत पाऊल टाकत नव्हती, पाण्याचा डबा कोपऱ्यात तसाच पडला होता. घरातल्या ताणाने बावरली असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं.

"न्ने, त्या मातीत हात घालून खोटं बोललं तर माणूस मरतो?"

"मरतो."

"आणि कुणी काही बोललंच नाही तर? तरी ती शोधते?"

अकुआबाताचा हात केसांत थांबला. तिने दोरा तोंडातून काढला.

"काय केलंस?"

"टोकच कापलं," काम्सी पुढे बघत म्हणाली. "गाभ्याला नाही लावलं. तूच म्हणालीस गाभ्याला लागलं की संपलं. मी नीट बघून कापलं, न्ने, खुर्चीवर चढून. पप्पांची कात्री परत खिळ्याला लावली." मग ती रडायला लागली. "टेकलं की तू जाणार ना? मग नकोच टेकायला."

म्हातारीला राग आला. स्वतःच्या जिवाच्या झाडावर पोरीने कात्री चालवली म्हणून आला, जावयापुढे आपलं तोंड काळं झालं म्हणून आला. पण त्या रागाखाली तिला आनंद झाला, आणि त्याची लाज वाटली. कुणीतरी आपल्याला अडकवलं होतं, आणि ते बँकेच्या नोकरीसाठी नव्हतं, बाईचा पगार वाचावा म्हणूनही नव्हतं. आता कुणावर दात खाणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिने पोरीला मारलं नाही. हाताला धरून गॅलरीत नेलं, तिचा हात मातीवर ठेवला आणि वरून स्वतःचा ठेवला.

"भूमीमाते, लेकरू आहे," ती म्हणाली. "तुझंच आहे. समजून घे." काम्सीने विचारलं, बास? अकुआबाता म्हणाली, भूमी आजीसारखीच असते, ऐकून घेते. पण झाडाला सॉरी म्हण आणि पाणी घाल, आठवडाभर कोरडं आहे.

संध्याकाळी तिने कडूपाल्याचं कालवण केलं, वाळक्या माशाचं, अफामला आवडतं तसं. उजूच्या हाती न पाठवता स्वतः नेऊन त्याच्यापुढे ठेवलं, हात धुवायचं पाणीही स्वतः धरलं. सासूने जावयाला पाणी धरणं ही लहान गोष्ट नाही. अफाम गडबडीने उठायला लागला.

"बस. तू नव्हतास. कोण ते मला कळलंय, आणि तू विचारू नकोस. माझ्या तोंडून घाण गेली, ओगो, ती मी परत घेते."

अफामने खिळ्याकडे पाहिलं, मग दाराआडून डोकावणाऱ्या बांधलेल्या केसांकडे पाहिलं. बाप होता, न विचारता समजला. फुफूच्या, कसाव्याच्या उकडीच्या, गोळ्याचा घास मोडून त्याने कालवणात बुडवला आणि खाल्ला. मग म्हणाला, "न्ने, आम्ही तुम्हाला फुकट वापरलं. पान टेकू दे. टेकलं की त्याच डिसेंबरात ट्रक. या वेळी रस्ता नाही, पैसा नाही, काही सांगणार नाही." आणि उष्टा हात धुऊन, कुणी न सांगता, गॅलरीत गेला आणि पुन्हा मातीला हात लावून आला.

आता सगळं मोकळं होतं. कात्री अफामने बाजारात नेऊन ठेवली. सुरळी निघाली ती अखंड निघाली. काम्सीने पुन्हा पाण्याचा डबा उचलला, राखसुद्धा स्वतः मुरवायला लागली. केलेलं फेडत होती बिचारी. पण रोज शाळेतून आली की दप्तर न काढता खुर्चीवर चढायची आणि पानाच्या टोकापासून छतापर्यंत बोटं लावून मोजायची. आठ बोटं. सहा बोटं. खुर्चीवरून उतरून जेवायला बसायची.

उदेन्क्वोचा फोन आला. पावसाने मागची भिंत बसली होती, घरात बकऱ्या शिरत होत्या. "जिवंतपणी यायचं असेल तर आत्ता ये, अकुआबाता. मेल्यावर तर सगळेच गावी येतात." या वेळी तिच्या जिभेला धार नव्हती, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. अकुआबाताने विचारलं, अळूचा वाफा? उदेन्क्वो म्हणाली, कसला वाफा, रान झालंय. येऊन दोघी खणू.

नोव्हेंबरात एका सकाळी, उजू नि अफाम गेल्यावर, काम्सीची शाळेची गाडी गेल्यावर, अकुआबाता फडकं घेऊन पाती पुसायला गेली. पान उलगडलं होतं. टोकाची पात छताला टेकून किंचित वाकली होती, आणि वाऱ्याने सिमेंटवर बारीक खरखर करत होती.

सात वर्षं ज्याची वाट पाहिली ते आलं होतं. तिला हसू यायला हवं होतं. ती मनाने पूल ओलांडून, फाटक उघडून, बकऱ्या हाकलून, वाफ्यापर्यंतसुद्धा पोचली. आणि तिथं उभी राहिली तेव्हा तिला दिसली ती खुर्चीवर चढलेली पोर, हात वर केलेली, जिच्या बोटांना मोजायला जागाच उरलेली नाही. अकुआबाताला घरी जायचं होतं. अजूनही तितकंच जायचं होतं. पण तिच्याने होईना.

तिने गजांतून खाली हाक मारली. कुलपाची एक किल्ली दानलादीकडे असते, तो वर आला. तिने खुणेने आणि मोडक्यातोडक्या बोलीत सांगितलं, पिंपाखालचे ठोकळे काढ. दानलादीने पिंप कवेत घेऊन एकेक बाजू उचलली, तिने ठोकळे ओढले. कशाला, त्याने विचारलं. पाणी नीट निथरत नाही, ती म्हणाली. ठोकळे काढल्यावर तर मुळीच निथरणार नाही, हे त्यालाही दिसत होतं. पण म्हातारीचा चेहरा बघून तो खाली निघून गेला.

दुपारी काम्सी आली, खुर्चीवर चढली, बोटं लावली.

"चार बोटं, न्ने," ती म्हणाली. आठवड्यांत पहिल्यांदाच तिच्या आवाजात जीव होता. "अजून टेकलं नाही."

"नाही," अकुआबाता म्हणाली. "अजून नाही. ये, जेवून घे."

ठोकळे तिने स्वतःच्या पलंगाखाली सारून ठेवले होते. पुढल्या पानाच्या वेळी पिंपाखालून काढायला आता काहीच उरलं नव्हतं.